जुन्या तारकागुच्छातले तारे जातात कुठे?

बालाघाट_दुर्बीण (अंबाजोगाई)
नमस्कार मंडळी. माघ-फाल्गुनात रात्री नऊ-दहाला पुष्यातला एम ४४ हा तारकागुच्छ आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतो. त्याच्या साधारण ८ अंश दक्षिणेला दुसरा गुच्छ, एम ६७. पहिल्याचं वय ६०-७० कोटी वर्षं, दुसऱ्याचं ४०० कोटींच्या आसपास. असे गुच्छ विरळ होतात ते तारे विझतात म्हणून, की निसटतात म्हणून? गाया या अवकाश दुर्बिणीने ताऱ्यांची जी मोजमापं घेतली, त्या विदेवरून घरबसल्या तपासता येईल का?

गोदाकाठ (नांदेड)
मुख्यतः निसटतात. मोठे तारे विझले की गुच्छाचं वस्तुमान घटतं आणि पकड सैल होते, एवढा त्यांचा वाटा. बाकी मुख्यतः आपापसातली ओढाताण. दोन तारे जवळून गेले की ऊर्जेची देवाणघेवाण होते; जड तारे हळूहळू मध्याकडे बसतात, हलके वेग घेऊन कडेला जातात. रोहिणीजवळच्या हायडीज या गुच्छातून सुटायला सेकंदाला किलोमीटरभर वेगही पुरतो. (रोहिणी तारा त्या गुच्छातला नाही, तो आपल्याला बराच जवळ आहे.)

आकाशगंगेच्या केंद्राकडच्या बाजूने सुटलेला तारा पुढे निघतो, बाहेरच्या बाजूचा मागे राहतो. म्हणून दोन शेपट्या तयार होतात. सेकंदाला १ किलोमीटर म्हणजे दहा लाख वर्षांत सव्वातीन प्रकाशवर्षं. कोट्यवधी वर्षांचा हिशोब तुम्हीच करा.

तारांगण_परभणी
एम ४४ पासून सुरू करा. विषुवांश १३०.१, क्रांती १९.७ अंश (हे आकाशातले रेखांश-अक्षांश), त्रिज्या ३ अंश. पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा सरकलेली दिसते तो कोन; तारा जितका दूर तितका तो लहान) ५.० ते ५.८ मिलिआर्कसेकंद. निजगती (ताऱ्याचं आकाशावरचं सरकणं) वर्षाला विषुवांशात −३६ आणि क्रांतीत −१३ मिलिआर्कसेकंद, प्रत्येकी ३ कमी-जास्त चालेल. मग तेजस्वी आणि मंद तारे वेगळे करून केंद्रापासूनच्या अंतरानुसार मोजा. मंद, म्हणजे हलके, तारे जास्त पसरलेले दिसतील.

‘रूवे’ (ताऱ्याचं मोजमाप किती नीट जुळलं ते सांगणारा गायाचा आकडा) १.४ च्या खाली ठेवायची सवय असते, पण त्या चाळणीत जोडतारे गळतात आणि मध्याशी जमणाऱ्यांत तेच महत्त्वाचे. जोडतारे मोजायचे असतील तर ही अट काढा.

त्रिज्या वाढवून शेपटी मात्र सापडणार नाही. दिशा बदलली की तोच अवकाशातला वेग आकाशावर वेगळी निजगती दाखवतो, म्हणजे खरे सदस्यच चौकटीबाहेर जातात. त्यासाठी त्रिमितीतला वेग काढावाच लागतो. हायडीज तर इतका जवळ आहे की गुच्छाच्या आतच ही अडचण येते.

बालाघाट_दुर्बीण
आभारी आहे. हीच चौकट एम ६७ ला चालेल?

तारांगण_परभणी
नाही. तिथे पराशय जेमतेम १.१५. १९ व्या प्रतीच्या (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद) ताऱ्याला त्यातली चूकच ०.२-०.३ च्या घरात जाते. घट्ट अट लावली की मंद तारे आपोआप गळतात, आणि ते गुच्छातून निसटले असं वाटतं. आधी १७ व्या प्रतीपर्यंतच थांबा.