नाशिक-मुंबई अपडाउन करू की तिकडे रूम घेऊ? मदत हवी आहे

इंदिरानगरची:

कंपनीने घरून काम बंद केलं. पुढच्या महिन्यापासून आठवड्यात तीन दिवस अंधेरीच्या ऑफिसला, म्हणजे मरोळ नाक्याला, यायचंच असा मेल आलाय. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, मिस्टर इथंच अंबड एमआयडीसीत शिफ्टमध्ये आहेत, मुलगा दुसरीत आहे, सासूबाई सोबत असतात. त्यामुळे सगळं बिऱ्हाड उचलून मुंबईला न्या हा सल्ला प्लीज देऊ नका, तो माहेरून रोज फोनवर मिळतोय.

आता पैशाचं सांगते. इथं टू बीएचकेला साडेतेरा हजार भाडं देतो. अ‍ॅग्रीमेंट संपत आलंय आणि मालक पंधरा म्हणतोय, कारण काय तर कुंभ. कुंभ पुढच्या वर्षी, स्नान रामकुंडावर आणि त्र्यंबकला, आमच्या तिसऱ्या मजल्यावर कोणता आखाडा उतरणार आहे देव जाणे, पण भाडं मात्र आमचं वाढणार. ते असो. हे चालू ठेवून मुंबईचा खर्च वरून, आणि पगार नाशिकला धरून ठरवलेला, तो वाढणार नाही असं एचआरने आधीच सांगितलंय.

मागच्या रविवारी मिस्टरांना घेऊन रूम बघायला गेले होते. मरोळला वन आरकेचे २८ हजार आणि डिपॉझिट १ लाख सांगितलं, तिथून गुपचूप निघालो. घोडबंदर रोडला वन बीएचके २४ म्हणाले, फ्लॅट छान होता पण तिथून ठाणे स्टेशनला यायलाच इतका वेळ लागतो की मग नाशिक काय वाईट. शेवटी कल्याणला खडकपाड्याला एक बरा मिळाला, भाडं १६, डिपॉझिट ५०, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, अ‍ॅग्रीमेंटचे वेगळे साडेचार हजार.

तर तिथलं जवळजवळ ठरलंच होतं, उतरताना खाली बाकड्यावर सोसायटीचे सेक्रेटरी बसलेले. फॅमिली कुठंय विचारलं. मी म्हटलं नाशिकला, मी आठवड्यातून तीनच दिवस राहणार. तर म्हणे मग तुम्ही बॅचलर, आमच्याकडे बॅचलर चालत नाही. गळ्यात मंगळसूत्र, शेजारी नवरा उभा, हातात पोराची पाण्याची बाटली, आणि मी बॅचलर! ब्रोकर म्हणाला काळजी करू नका मॅडम, सोसायटीचा काहीतरी ज्यादा चार्ज असतो तो भरला की होतं. तो किती ते काही बोलला नाही.

दुसरा पर्याय अपडाउन. पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडला सकाळी सातच्या आसपास, म्हणजे घरून सहाला निघायचं, त्याआधी डबे. कल्याणला उतरून फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, अकराच्या आत पोचेन. पण परत यायला तीच पंचवटी सीएसएमटीहून सव्वासहाला सुटते, मला ती कल्याणला सातपर्यंत पकडायची म्हणजे सव्वापाचलाच ऑफिस सोडावं लागणार, साहेब काय म्हणतील माहीत नाही. नाशिकरोडला पावणेदहा, आणि तिथून पुढे इंदिरानगर. माझ्याकडे स्कूटी आहे. विहितगाव-वडनेर गेटवरून पाथर्डी फाट्याकडे रस्ता जवळचा आहे पण रात्री त्या बाजूला बिबट्या दिसतो हे नाशिककरांना सांगायला नको. द्वारकावरून यायचं तर लांब आणि सगळीकडे खोदून ठेवलंय. सिटी बसचा त्या वेळेला भरवसा नाही.

तर विचारायचंय असं की १) बायकांना पंचवटीचं अपडाउन जमतं का, खरं खरं सांगा २) कल्याण-डोंबिवलीत असं एकटीने घर मिळतं का आणि हा ज्यादा चार्ज काय प्रकार आहे ३) अजून काही तिसरा मार्ग आहे का जो मला सुचत नाहीये. नोकरी सोड हा मार्ग सुचलाय, परवडत नाही.

जुना पासहोल्डर:

ताई, मी नाशिकरोडहून कित्येक वर्षं अपडाउन केलं, आता रिटायर आहे. बायका करतात, भरपूर करतात, बँकेतल्या, कोर्टातल्या, मंत्रालयातल्या. पंचवटी १९७५ पासून चालू आहे, तिच्यावर अख्ख्या पिढ्या पोसल्यात नाशिकच्या. पण काही गोष्टी आधीच समजून घ्या.

पास काढला म्हणजे कुठल्याही डब्यात बसता येतं असं नाही, रिझर्वेशनच्या डब्यात टीसी दंड मारेल. पासवाल्यांचे डबे ठरलेले आहेत, ते प्लॅटफॉर्मवर कुठे लागतात ते आदल्या दिवशी जाऊन विचारून ठेवा. सुरुवातीला जागेवरून कोणी काही बोललं तर मनावर घेऊ नका, लोकांच्या जागा वर्षानुवर्षांच्या असतात. एकदा ग्रुपमध्ये ओळख झाली की तुमच्यासाठी पण कोणीतरी रुमाल टाकून ठेवतं, वाढदिवसाला केक कापतात, हळदीकुंकू सुद्धा गाडीत होतं. राज्यराणी एक्स्प्रेसचा विचार करू नका, ती आधी मनमाडहून सुटायची तेव्हा ठीक होती, नांदेडहून यायला लागली तेव्हापासून आपल्याकडे येईपर्यंत भरलेली असते.

खरा त्रास येतानाचा. कसाऱ्याला गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात कारण घाटात ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे, तिथं थांबणं आलंच. आणि जुलै-ऑगस्टमध्ये घाटात माती आली, दरड आली, की मग तुम्ही कल्याणला प्लॅटफॉर्मवर बसलेल्या आणि मुलगा घरी फोन लावतोय. अशा दिवशी लोक लोकलने कसाऱ्यापर्यंत येतात आणि तिथून शेअर टॅक्सीने नाशिक गाठतात, पण रात्री एकट्या बाईने ते करू नये असं माझं मत. ग्रुप असेल तर गोष्ट वेगळी.

आठवड्यात तीन दिवस रोज जाऊन येऊन करणार असाल तर शरीर एखादं वर्ष साथ देईल. मग कंबर बोलायला लागते.

घाटावरचा:

समृद्धी महामार्ग झालाय की आता! इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा टप्पा जून २०२५ ला उघडला, कसारा घाटाची कटकटच गेली, बोगद्यातून भुर्रकन. कारने जा ना.

इंदिरानगरची:

दादा कार नाहीये, स्कूटी आहे, आणि समृद्धीवर टू व्हीलरला बंदी आहे.

घाटावरचा:

मग कारपूल बघा. नाशिकचे बरेच ग्रुप आहेत व्हॉट्सअ‍ॅपवर, टोल-पेट्रोल वाटून घेतात.

जुना पासहोल्डर:

आमणेपर्यंत भुर्रकन, मग पुढे ठाण्यापर्यंत, वडपे ते माजिवडा, तीच ट्रकची रांग. घाटातला वाचलेला वेळ भिवंडीत वसूल होतो. एखाद्या दिवशी ठीक आहे, रोजच्या पंचिंगला नाही.

खरं बोलणारा:

मुंबईची नोकरी पाहिजे आणि नाशिकची हवा पण पाहिजे, मग एवढं तर सोसावं लागणारच ना.

इंदिरानगरची:

हवेचं नाही हो, शाळेची फी भरून झालीये वर्षाची. आणि मुंबईची नोकरी मी मागितली नव्हती, नोकरीच उठून मुंबईला गेली.

माहेर सातपूर:

मी ठाण्यात असते, माहेर नाशिकचं, माझी बहीण सेम याच चक्रात होती म्हणून लिहितेय. तुम्ही सगळे तीन दिवसांचं भाडं आणि तीन दिवसांचं अपडाउन यांची तुलना करताय, पण मला वाटतं आधी ऑफिसला विचारा की हे तीन दिवस कोणते. बहुतेक कंपन्यांना आठवड्याचे तीन पंच हवे असतात, ते सोम-बुध-शुक्र असलेच पाहिजेत असं नसतं. मंगळ-बुध-गुरू सलग मागून घ्या. मग मंगळवारी सकाळच्या पंचवटीने जायचं आणि गुरुवारी संध्याकाळच्या पंचवटीने यायचं, घाट आठवड्यातून एकदाच चढायचा एकदाच उतरायचा, आणि तिकडे मुक्काम फक्त दोन रात्रींचा. मंगळवारी उशिरा पोचलात तर बुधवारी रात्री आठपर्यंत बसून भरून काढा, तसंही घरी जायची घाई नसते त्या दिवशी. बहिणीच्या साहेबाने हे लगेच मान्य केलं कारण त्याला सव्वापाचला पळणारी बाई रोज बघायची नव्हती. गुरुवारी मिस्टरांना स्टेशनवर बोलवायचं, एक दिवस शिफ्ट अ‍ॅडजस्ट होते, तीन दिवस नाही होत.

राहिला प्रश्न दोन रात्रींचा. पीजी बघितलं तर मरोळ-साकीनाका बाजूला एका बेडचे ११-१२ हजार महिन्याचे घेतात, तुम्ही दोन रात्री राहा नाहीतर तीस, त्यांना काही फरक नाही. बहिणीने तेच केलं सुरुवातीला आणि जीव जळायचा तिचा. वर्किंग विमेन हॉस्टेलसाठी पण चौकशी करा, सरकारच्या योजनेतली असतात त्यांना आता सखी निवास म्हणतात, पण तिथं उत्पन्नाची अट असते आणि जागा पटकन मिळत नाही. नंतर तिला गाडीतच नाशिकच्या अजून दोघी भेटल्या, तिघींनी मिळून कल्याणला घर घेतलं, प्रत्येकीला साडेपाच हजार पडायचे. गादी, कुकर, एक कपाट, बास. तिघी असल्या की स्वयंपाकाची पण पाळी लागते. फक्त तिघींचेही दिवस सारखेच असले तर गर्दी होते हं, वन बीएचकेला एकच बाथरूम आणि सकाळी तिघींनाही एकाच वेळी निघायचं, भांडणं त्यावरूनच व्हायची त्यांची.

इंदिरानगरची:

सलग दिवसांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं हो ताई, मेलमध्ये सोम-बुध-शुक्र लिहिलंय म्हणून मी तेच धरून बसले. उद्याच साहेबांना विचारते. मुलगा दोन रात्री सासूबाईंपाशी झोपेल, तो तर खूश होईल, तिकडे टीव्हीला लिमिट नाही.

कागदपत्रवाला:

दुसऱ्या प्रश्नाचं कोणी उत्तर दिलं नाही म्हणून देतो. सोसायटीचा तो ज्यादा चार्ज म्हणजे नॉन ऑक्युपन्सी चार्ज. मालक स्वतः राहत नाही म्हणून तो मालकाला लागतो, भाडेकरूला नाही. आणि सोसायटीच्या मनाला येईल तेवढा घेता येत नाही, सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांपर्यंतच, तसा सरकारचा २००१ चा आदेश आहे. त्यामुळे ब्रोकर जे बॅचलरचे ज्यादा म्हणतोय त्याची पावती कोणाच्या नावाने मिळणार ते आधी विचारा, विषय आपोआप थंड होईल.

अ‍ॅग्रीमेंटचे साडेचार हजार पण जास्त आहेत. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची, स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के असते, पूर्ण मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून व्याज, त्या बेरजेवर. तुमचं १६ हजार आणि ५० हजार, ११ महिन्यांचं धरलं तर साडेचारशेच्या आसपास येते, वर राऊंड होऊन पाचशे. रजिस्ट्रेशन फी महानगरपालिका हद्दीत १ हजार. बाकी बहुतेक एजंटची मजुरी, तो घरी मशीन घेऊन अंगठा आणि फोटो घेतो त्याचे. मजुरी घेऊ दे, पण भाव करा, आणि खर्च निम्मा निम्मा मागा.

आणि ११ महिन्यांचं असलं की रजिस्टर करावं लागत नाही हे कोणी सांगितलं तर ऐकू नका. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर असलाच पाहिजे, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नुसत्या नोटरीवर ५० हजार देऊन बसू नका. डिपॉझिट चेकने किंवा ऑनलाइन द्या, किती दिवसांत परत मिळणार ते करारात लिहून घ्या. ११ महिने संपायच्या आत सोडलं तर काय कापणार तेही लिहा, कारण तुमच्या कंपनीचा मूड उद्या परत बदलला तर अडकाल.

अजून एक, नाशिकच्या मालकाला कुंभ म्हणून दीड हजार वाढवून देण्याआधी जुन्या करारात वाढ किती टक्के लिहिलीय ते बघा. बऱ्याचदा नूतनीकरणाला ५ नाहीतर १० टक्के असं लिहिलेलं असतं आणि मालकही विसरलेला असतो.

इंदिरानगरची:

बघितलं. ५ टक्के लिहिलंय!! म्हणजे चौदा हजार दोनशेच्या आत. मिस्टर आत्ताच खाली जाऊन बोलून आले, मालक म्हणाले बघू. बघू म्हणजे आमच्याकडे निम्मं हो असतं.

साहेबांनी पण मंगळ-बुध-गुरूला हो म्हटलंय, तीन महिने ट्रायलवर, लेखी द्या म्हटलं तर हसले, पण मेल टाकला आहे त्यांनी. आता शेवटचं एकच विचारते. आमच्याच ऑफिसची एक आणि पाथर्डी फाट्याची अजून एक अशा दोघी तयार आहेत. तर घर घेताना तिघींचीही नावं अ‍ॅग्रीमेंटला टाकायची का एकीच्याच नावावर घेऊन बाकीच्यांनी तिला पैसे द्यायचे? ब्रोकर म्हणतोय एकच नाव सोपं पडतं.

कागदपत्रवाला:

ब्रोकरला सोपं पडतं. तिघींची टाका. एकीच्या नावावर घेतलं तर डिपॉझिट तिचं, भाडं थकलं तर ती अडकणार, आणि बाकीच्या दोघी कागदावर कोणीच नाहीत, उद्या सेक्रेटरीने गेटवर अडवलं तर दाखवायला काही नाही. तिघींचा आधार, पॅन, फोटो, अंगठा, आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची तीही तिघींची. डिपॉझिट कोणी किती दिलं ते करारात एका ओळीत येतं, लिहून घ्या. एखादी मध्येच सोडून गेली तर तिच्या जागी दुसरी घेताना मालकाची लेखी परवानगी लागेल, ते कलम आत्ताच टाकून ठेवा. आणि सही करायच्या आधी पीडीएफ मागा, एजंट लोक गडबडीत लॉक-इनचे, म्हणजे घर सोडता येत नाही ते, महिने वाढवून ठेवतात.

माहेर सातपूर:

आणि बाथरूमची वेळ ठरवून घ्या, ते करारात येत नाही.