हिमालयातले ग्रुप ट्रेक आणि वाटेतली गावं: तुमचे अनुभव लिहा

पास (म्हणजे खिंड) झाला, समिट झालं, अमुक हजार फूट, या गप्पा आपल्याकडे भरपूर होतात, फोटोपण त्याचेच. पण हे सगळे ट्रेक कुणाच्या तरी गावातून, शेताच्या बांधावरून नाहीतर चराईच्या कुरणातून जातात आणि त्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. म्हणून हा धागा. गावं, घरं, जेवण, गाइड, खेचरवाले, ग्रुपमधली माणसं, काहीही चालेल. नाव नको, एरिया लिहा. कंपन्यांची नावं अजिबात नकोत, कौतुकाला पण नको आणि शिव्या घालायला पण नको. आणि प्लीज इथे "बेस्ट ट्रेक कुठला" विचारू नका.

सहकारनगर

सुरुवात मीच करते. स्पितीत गावोगाव चालत जायचा ट्रेक केला, लांगझा, कोमिक, डेमुल, ल्हालुंग आणि शेवटी धनकर. तंबू नाहीत, रोजचा मुक्काम कुणाच्या तरी घरी. कोमिक साडेचार हजार मीटरच्या वर आहे, म्हणजे साडेतीन सिंहगड एकावर एक ठेवा आणि त्याच्यावर लोक नांगरतायत, पेरतायत, पोरं शाळेत जातायत.

आम्ही गेलो तेव्हा ऑगस्ट संपत आला होता आणि सगळीकडे मटार काढायची धांदल. हिरवा मटार हे स्पितीचं नगदी पीक, खाली मैदानातला मटार संपलेला असतो तेव्हा यांचा निघतो त्यामुळे भाव बरा मिळतो. डेमुलला ज्यांच्या घरी उतरायचं होतं तिथे पोचलो तर घरात फक्त एक आठ-नऊ वर्षांची मुलगी. तिनं चुलीत शेणी सारल्या, चहा केला, "मम्मी खेत में है" एवढं सांगितलं आणि परत गृहपाठाला बसली. आमच्यातल्या एकांना हे काही रुचेना, एवढे पैसे भरलेत तर निदान कोणीतरी घरात हवं की नको वगैरे. गाइड शांतपणे म्हणाला, "सर, मटर भी थोडे दिन का है, आप भी थोडे दिन के हो, पर मटर में पैसा ज्यादा है." यावर कोण काय बोलणार! मग आम्ही चार-पाच जण शेतावर गेलो. शेंग ओढायची नाही, एका हातानं वेल धरायचा आणि दुसऱ्यानं देठाशी खुडायची, नाहीतर वेलच हातात येतो. त्या बाईंनी एकदा दाखवलं, मग आमच्याकडे बघून शेजारणीशी काहीतरी बोलल्या आणि दोघी पार खाली बसून हसल्या. तासाभरात आम्हा सगळ्यांची मिळून अर्धी गोणसुद्धा भरली नव्हती.

आणि टॉयलेट. कोरडं असतं, वरच्या मजल्यावर जमिनीला भोक, बाजूला मातीचा ढीग आणि फावडं. पाणी ओतायचं नाही कारण खाली त्याचं खत होतं आणि ते शेतात जातं. हे गाइडनं तीनदा सांगूनसुद्धा पहिल्याच रात्री एकांनी बादली ओतलीच. सकाळी आजी काही बोलल्या नाहीत, फक्त त्यांच्या हातात फावडं दिलं.

चिंचवड

हिमाचलमधला हामटा पास गावांचा ट्रेक नाही हे आधीच सांगतो, जोब्रा, चिका, बालू का घेरा, शेआ गोरू या सगळ्या मुक्कामाच्या जागा आहेत, वस्ती नाही. पण माणसं भेटतात, मेंढ्या घेऊन वर आलेले गद्दी मेंढपाळ. त्यांचा कळप समोरून आला तेव्हा आमच्या गाइडनं एकदम ओरडून सगळ्यांना डोंगराच्या बाजूला दाबून उभं केलं. आम्ही तिघं फोटोसाठी दरीच्या बाजूला सरकत होतो. शेदोनशे मेंढ्या ढकलत येतात, त्यांना तुम्ही आहात की दगड आहे काही फरक पडत नाही, तुम्ही दरीच्या बाजूला असाल तर संपलं. हे कुठल्या पॅकिंग लिस्टमध्ये लिहिलेलं नसतं.

पास ओलांडला की मात्र डोकंच चालत नाही, इकडे कुलूच्या बाजूला चिखल हिरवळ फुलं आणि तिकडे लाहौलमध्ये नुसता मातकट दगड, एकाच दिवसात. शेआ गोरूचं पाणी सकाळी लवकर ओलांडायचं कारण दुपारपर्यंत वरचा बर्फ वितळून पाणी वाढतं. आम्ही हात धरून साखळी करून गेलो, अर्ध्यात गेल्यावर पाय आहेत की नाही तेच कळत नव्हतं आणि पलीकडे गेल्यावर सगळे उगाच हसत होते.

डेक्कन

एक तक्रार, आणि ती कुठल्या कंपनीची नाही, आपल्याच लोकांची आहे. बारा-साडेबारा हजार फुटांवर रात्री नऊनंतर ब्लूटूथ स्पीकर. शेजारच्या तंबूत किचन स्टाफ झोपलेला असतो, तो पहाटे चारला उठून तुमच्यासाठी चहा करणार असतो. बास, एवढंच.

वानवडी

मी भूलतज्ज्ञ आहे त्यामुळे माझ्या पोस्टमध्ये औषधं येणारच. ट्रेक लडाखमधला मार्खा व्हॅली. लेहला साडेतीन हजार मीटरवर विमानानं थेट उतरलो आणि पहिले दोन दिवस लीडरनं हॉटेलच्या बाहेर फार फिरूच दिलं नाही, ग्रुप वैतागला पण ते बरोबर होतं. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा साधा नियम आहे, विमान तो पहिल्याच दिवशी मोडतं.

डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळीबद्दल, सगळे विचारतात. उंचीवर श्वास जोरात चालावा लागतो पण त्यानं रक्त अल्कलाइन होतं आणि मेंदू श्वासाला ब्रेक लावतो. ही गोळी किडनीतून बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते त्यामुळे तो ब्रेक सुटतो. साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, कोल्ड्रिंक बेचव लागतं, हे सगळं नॉर्मल. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी स्वतःच्या डॉक्टरांशी बोला, धाग्यावर वाचून घेऊ नका.

आता प्रसंग. निमालिंग म्हणजे गावकऱ्यांची उन्हाळ्यात याक-मेंढ्या चारायची जागा, शेवटच्या कोंगमारू ला या पासच्या आधीचा मुक्काम, पावणेपाच हजार मीटरच्या आसपास. तिथे संध्याकाळी आमच्यातली एक मुलगी, रोज टेकडी करणारी, एकदम फिट, जेवायला आलीच नाही. (फिटनेसचा आणि उंचीच्या त्रासाचा संबंध नाही, उलट फिट माणसं भरभर चढतात आणि त्यांनाच आधी लागतं.) सगळे ऑक्सिमीटर घेऊन धावले, पण गार बोटावर तो काहीही आकडे दाखवतो. गाइडनं काय केलं, तिला तंबूबाहेर आणलं, जमिनीवर काठीनं रेघ मारली आणि म्हणाला, टाचेला पंजा लावत यावरून चल. तिसऱ्या पावलाला ती बाजूला गेली. माझं मत विचारायच्या आत त्यानं घोडेवाल्याला हाक मारली होती. तोल जायला लागला की सकाळपर्यंत थांबायचं नसतं. घोडेवाला, गाइडचा भाऊ आणि मी, हेडलॅम्प लावून तिला खाली थाचुंगत्सेला आणलं, तिथूनही अजून खाली हांकरला. हांकरला ज्या घरी दार वाजवलं तिथल्या बाईंनी रात्री अकराला चूल पेटवली. सकाळपर्यंत मुलगी सरळ चालत होती आणि सत्तू घातलेला चहा नको म्हणून भांडत होती.

हे होमस्टे पाळीपाळीनं दिले जातात, आज या घरी पाहुणे तर उद्या पुढच्या, म्हणजे एकाच घरात पैसा जात नाही. त्या रात्री पाळी त्यांची नव्हती. सकाळी पैसे द्यायला गेले तर त्यांनी पाळी असलेल्या घराकडे बोट दाखवलं. तो हिशोब शेवटी गाइडनं कसा मिटवला मला कळलं नाही.

कोथरूड

आम्ही मायलेक उत्तराखंडातल्या हर की दूनला गेलो, मुलगा तेव्हा नववीत. सांक्रीपासून सुपिन नदीच्या कडेनं तालुका, मग ओसला. उंची साडेतीन हजार मीटरच्या आसपास म्हणून पहिल्या हिमालयाला बरा, आणि गावं खरीखुरी. देवदाराची घरं, खाली गुरं आणि वर माणसं, कोरीव खांब, ओसरीत लोकर कातत बसलेले आजोबा.

ओसलाचं देऊळ दुर्योधनाचं असं मी इथूनच ऐकून गेले होते, ग्रुपमध्ये सगळेच तेच बोलत होते. आमचा गाइड त्याच गावचा. तो जरा चिडूनच म्हणाला की देवता सोमेश्वर आहे, दुर्योधन दुर्योधन तुम्ही लोकांनी चालवलंय. मग त्यानं घरी नेलं, राजमा-भात खाऊ घातला. राजमा तिथलाच, बारीक दाण्याचा, आपण दुकानातून आणतो त्याला ती चवच नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. गावात शिरलं की पोरं "टॉफी दो, टॉफी दो" करत मागे लागतात. ही सवय त्यांना आपण लावलीये, प्रत्येक ग्रुप खिशातून गोळ्या काढतो आणि बदल्यात फोटो घेतो. मुलाला म्हणलं देऊ नकोस. तो पोरांबरोबर कॅच खेळत बसला तासभर, बॉल दोनदा खाली नदीकडे गेला आणि दोन्ही वेळा तिथली पोरं खारीसारखी उतरून घेऊन आली आणि आमच्या चिरंजीवांना धाप लागली.

धायरी

मी पुण्यातून ग्रुप घेऊन जातो म्हणून थोडं दुसऱ्या बाजूनं लिहितो. पहिलं म्हणजे "सिंहगड चाळीस मिनिटांत चढतो सर" हे वाक्य. फिटनेसचं वरच्या डॉक्टर मॅडमनी लिहिलंच आहे. मला सिंहगड आरामात, पाठीवर ओझं घेऊन, आणि उतरताना गुडघे न बोंबलता करणारा माणूस जास्त आवडतो. के टू एस (कात्रज ते सिंहगड, रात्रीची) एकदा केली असेल तर उत्तमच, रात्री कंटाळा आल्यावर माणूस कसा वागतो ते तिथे कळतं.

दुसरं ऑफलोडिंग, म्हणजे पैसे देऊन आपली बॅग खेचरावर टाकणं. पैसे भरलेत म्हणून बॅगेत काहीही भरतात, बाकरवडीचे डबे, इस्त्री केलेले शर्ट, एकदा हेअर ड्रायर निघाला, प्लग कुठे लावणार होते देव जाणे. ते सगळं खेचराच्या पाठीवर जातं आणि खेचर घसरलं तर त्या माणसाचं अख्खं वर्ष जातं.

तिसरं जरा अवघड आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंड हायकोर्टानं बुग्यालांवर (उंचावरच्या कुरणांवर) रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, त्यानंतर बेदनी-अली बुग्यालवरून जाणारा रूपकुंडचा नेहमीचा ट्रेक बसला. बुग्यालांची वाट लागली होती हे मी डोळ्यांनी बघितलंय, तंबूंखाली गवत जळून चौकोन पडलेले, प्लास्टिक, खेचरांनी उकरलेली माती, आणि तिथलं गवत परत यायला वर्षं लागतात. पण लोहाजंग आणि वाणच्या पोरांची सीझनची कमाई त्याच वाटेवर होती. कोर्टाचा निर्णय मला पटतो, आणि वाणमधल्या ओळखीच्या गाइडला फोन करताना हे वाक्य मी तोंडातून काढत नाही.

बाणेर

नेपाळचं चालेल ना? लांगटांग. स्याब्रुबेसीहून चालत वर जायचं. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात वरून बर्फ आणि दगड सुटून लांगटांग गाव गाडलं गेलं, दोनशेहून जास्त माणसं गेली, कड्याच्या खाली टेकलेलं एक घर तेवढं वाचलं. वाट आता त्या दगडांच्या ढिगावरूनच जाते. गाइडनं सांगितलं की इथे फोटोसाठी थांबू नका, चला. नवीन गाव जवळच वसलंय, लॉज आहेत, पत्रे चकचकीत निळे. लॉजच्या दीदींना मी काही विचारलं नाही. त्याच जेवताना बोलल्या, की पहिल्या वर्षी कोणी ट्रेकर येत नव्हते तो काळ जास्त कठीण होता, तुम्ही येता तर बरंय, दाल-भात अजून घ्या. तिथे दाल-भात कितीही वेळा वाढतात. वर क्यांजिन गोंपाला याकचं चीज मिळतं, स्विस मदतीनं १९५० च्या दशकात सुरू झालेली डेअरी आहे. चीज कडक आहे, दातांची काळजी घ्या.

औंध

सगळं वाचतोय, मस्त धागा. वय ५८, रोज सकाळी एक तास चालतो, गुडघे अधूनमधून कुरकुरतात. ओसलापर्यंत तरी जमेल का? आणि मिसेसना तंबू नको, घरात राहायची सोय होईल का?

धायरी

@औंध, ओसलापर्यंत नक्की जमेल, होमस्टे आहेत, अंथरूण-पांघरूण तिथलंच मिळतं, बाथरूम घराबाहेर असू शकतं हे मिसेसना आधीच सांगा. चढाला दम लागतो तो थांबलं की जातो, गुडघे दुखतात ते उतारावर. म्हणून आतापासून आठवड्यातून दोनदा वेताळ टेकडी किंवा तळजाई, दोन काठ्या घेऊन, आणि काठी उतारावर लांब करायची हे शिकून घ्या. मे किंवा ऑक्टोबर बघा. पावसाळ्यात मोरी-सांक्रीचा रस्ता दरड पडून बंद होतो, डेहराडूनहून एरवीच अख्खा दिवस जातो. परतीच्या तिकिटात एक दिवस मोकळा ठेवा.