जर्मन सिनेमा: गोष्ट कळते, कानाला काहीच कळत नाही

उशिराचा_विद्यार्थी: जर्मन शिकतोय; ए१ ही पहिली पातळी झालीय, त्यापुढची ए२ चालू आहे. इंग्रजी सबटायटल्स लावून जर्मनमध्ये सिनेमे बघतो. ती बंद केली की सगळं डोक्यावरून जातं. जर्मन सबटायटल्स लावली तर खाली एक आणि कानावर दुसरंच! कुठली लावावीत?

क्रियापद_शेवटी: इंग्रजी आधी बंद करा. डोळे वाचत बसतात आणि कान सुट्टीवर जातात. शिवाय ‘इश रूफं डिश मॉर्गन आन’ हे वाक्य घ्या. शेवटचं ‘आन’ ऐकल्यावर ‘फोन करतो’ हा अर्थ पक्का होतो. इंग्रजी ओळ तो आधीच फोडते. ‘वाइल’ (कारण), ‘दास’ (की) यांच्यानंतर तर क्रियापद शेवटी येतं, अगदी मराठीसारखं. ही आयती सोय इंग्रजीमार्गे गेलात की वाया जाते.

अख्खा सिनेमा नको, ३-४ मिनिटांचा तुकडा घ्या. आधी सबटायटल्सशिवाय, मग जर्मन सबटायटल्स लावून थांबत थांबत. शब्द ७-८च टिपा, नाम असेल तर डेअर-डी-दास या लिंग दाखवणाऱ्या शब्दासकट. मग पुन्हा सबटायटल्सशिवाय. शेवटी पाचेक वाक्यं नटाच्या मागोमाग मोठ्यानं म्हणा. हेच नेमकं सगळे टाळतात.

पॉज_बटण: बहुतेक तुम्ही डब केलेले हॉलीवूडपट बघताय. जर्मनीत परदेशी सिनेमे सर्रास डब होतात. डबिंगचं भाषांतर ओठांच्या हालचाली सांभाळतं, सबटायटल्सचं जागा आणि वाचायचा वेळ; दोन्ही बहुधा वेगवेगळी होतात. मूळ जर्मन सिनेमा घ्या आणि कर्णबधिरांसाठीची सबटायटल्स निवडा. थोडी काटछाट त्यातही असते, पण संवाद बरेच जुळतात. मजकूर बरोबर आणि नुसती वेळ चुकत असेल, तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘जी’ किंवा ‘एच’ दाबा. एका दाबाला ५० मिलिसेकंद सरकतं.

गिळलेला_स्वर: वरच्या दोघांना +१, पण ए२ला सिनेमाच कशाला? डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेची ‘नीकोस वेक’ ही शिकणाऱ्यांसाठीची व्हिडिओ मालिका फुकट आहे, ए१ ते बी१ (ए२च्या पुढची पातळी). त्यानंतर खरी बोली. तिथं ‘इश हाबं’चं ‘इश हाप’, ‘हास्ट डू’चं ‘हास्टं’ आणि ‘आयनन’चं नुसतं ‘नन’ होतं. खाली बहुतेकदा पूर्ण रूप छापलेलं, म्हणून कान भलतंच शोधत राहतो. अशी वाक्यं ०.८ वेगानं ऐका.

उशिराचा_विद्यार्थी: डबच होते! ऑस्ट्रियन मालिका चालेल?

गिळलेला_स्वर: व्हिएन्नाची बोली बी१नंतर. आणि स्विस तर एवढ्यात नकोच, ती जर्मन टीव्हीवरसुद्धा बऱ्याचदा जर्मन सबटायटल्स लावून दाखवतात.