रास्पबेरी पायसाठी लॅपटॉपवर बिल्ड, पण एक्झेक फॉरमॅट एरर

प्रश्न (फोंडा): कुळागरातल्या (बागायतीतल्या) पंपासाठी जुनी ३२ बिट रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) लावलीय, तिच्यावर कंपाइल करायला तासन्‌तास लागतात म्हणून उबुंटू लॅपटॉपवर करतोय, कॉन्फिगरला (बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) टार्गेट ऑप्शन दिला, मेक (प्रत्यक्ष बिल्ड) पण झालं, पण पायवर चालवलं की एक्झेक फॉरमॅट एरर, म्हणजे हा प्रोग्राम या मशीनसाठी बनलेलाच नाही. काय चुकतंय?

म्हापसा: टार्गेट नाही रे, होस्ट दे! ऑटोकॉन्फमध्ये (कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणारं टूल) होस्ट म्हणजे प्रोग्राम जिथे चालणार ते मशीन, बिल्ड म्हणजे तुझा लॅपटॉप. टार्गेट फक्त कंपायलरसारखी टूल्स बनवताना लागतं, या नावांनी सगळ्यांचाच घोळ होतो. आधी मेक डिस्टक्लीन कर, नाहीतर जुन्या ऑब्जेक्ट फायली तशाच राहतात. मग बायनरीवर (तयार झालेल्या प्रोग्रामवर) फाइल कमांड चालव, एआरएम (पायच्या प्रोसेसरचा प्रकार) दिसायला हवं.

मडगाव: पाय कुठली ते सांग आधी. पहिली किंवा झीरो असेल तर ती एआरएमव्ही६ (एआरएमची जुनी आवृत्ती), आणि उबुंटूचा एआरएम हार्डफ्लोट क्रॉस कंपायलर (दुसऱ्या मशीनसाठी कोड बनवणारा) व्ही७ चा कोड काढतो, मग इलिगल इन्स्ट्रक्शन (प्रोसेसरला न कळणारी सूचना) ही एरर येणार. नुसता -march फ्लॅग (कंपायलरला प्रोसेसरची आवृत्ती सांगणारा) बदलून भागत नाही कारण सोबतची सी लायब्ररी पण व्ही७ चीच, व्ही६ साठी बांधलेली टूलचेन (कंपायलर आणि लायब्ररींचा संच) घे.

फोंडा: पाय २ आहे, म्हणजे व्ही७. होस्ट दिल्यावर चाललं, देव बरें करूं!

मडगाव: छान. पुढे लायब्ररी लागल्या तर पीकेजी-कॉन्फिगचा (लायब्ररी शोधून देणारं टूल) लिबडिर, म्हणजे शोधायची जागा, पायच्या सिसरूटकडे (पायच्या फायलींची लॅपटॉपवरची प्रत) वळव, नाहीतर लॅपटॉपच्याच उचलेल.