मदत हवी आहे : ऑफिसातले एक्स्टेन्शन बोर्ड बदलायचेत

मंडळी, पुण्यात आमचं १२ जणांचं अकाउंट्सचं ऑफिस आहे. काल चहाची किटली लावलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाचं सॉकेट वितळलं. बोर्ड ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट. किटली १५०० ची! वर एका बोर्डात दुसरा खोचलेला. (किटली आता भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर गेली, चहा सुटला नाही.) सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेज अचानक वाढलं तर उपकरणं वाचवणारे) ८ वर्षं जुने आहेत. दिवा लागतो, पण आतला एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषून घेणारा भाग) असे झटके सोसून झिजतो ना? इलेक्ट्रिशियन म्हणतो, आधी अर्थिंग तपासा, नाहीतर नवे घेऊन उपयोग नाही. आयएसआय मार्कचे, जाड तांब्याच्या वायरचे बोर्ड कुठले घ्यावेत? की भिंतीतच पॉइंट वाढवून घेऊ? साहेब खर्चाला कुरकुरतात, त्यांना पटेल असं काहीतरी सांगा.