मदत हवी आहे: दोन वाहक प्रथिनं, पण हिस्टिडिन कोण आत आणतं?

मातीतल्या एका स्यूडोमोनास जीवाणूच्या जीनोममध्ये हिस्टिडिन हे अमिनो आम्ल फोडणाऱ्या 'हट' जनुकांना खेटूनच दोन वाहक प्रथिनांची जनुकं आहेत. ब्लास्ट (जनुकक्रम ज्ञात क्रमांशी ताडून पाहणारं साधन) दोघांनाही नुसतं 'परमिएज', म्हणजे पेशीत काहीतरी आत आणणारं प्रथिन, म्हणून मोकळं होतं! एक हिस्टिडिनचा आणि दुसरा युरोकॅनेटचा (हिस्टिडिन फोडताना आधी बनणारा पदार्थ) असावा, असा माझा अंदाज आहे. स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्सच्या एसबीडब्ल्यू२५ या वाणात तशी जोडी आहे. पण शेजारावर किती विसंबायचं? ई. कोलायमध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आत आणणारे तिघं, त्यातल्या फक्त टीएनए-बीचं जनुक ट्रिप्टोफॅनेज या ट्रिप्टोफॅन फोडणाऱ्या विकराच्या जनुकाशेजारी. अरो-पी आणि एमटीआर भलतीकडेच.

गॅपमाइंड (जीनोमवरून चयापचयाचे मार्ग ओळखणारं साधन) चालवून झालं, उत्तर अर्धवट. जनुकं एकेक करून काढायची आणि हिस्टिडिन किंवा युरोकॅनेट हाच एकमेव कार्बनस्रोत ठेवून वाढ बघायची, एवढं पुरेल का? की किरणोत्सारी हिस्टिडिन लावून शोषण मोजावंच लागेल? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.