मदत हवी: तूप वाढवलं, भाकरी बंद केली, पोट बिघडलं. इन्सुलिनचं हे गणित कोणी समजावेल का?

मंडळी, वय ४४, राहणार नाशिक, सातपूर एमआयडीसीत नोकरी. हातपाय काडीसारखे, फक्त पोट सुटलंय. कंपनीच्या तपासणीत उपाशीपोटी साखर १०६ आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ५.९ आली. डॉक्टरांनी उपाशीपोटीचं इन्सुलिनही करायला लावलं, ते १६. मग शरीर इन्सुलिनला किती विरोध करतंय त्याचा आकडा काढला: साखर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५, उत्तर ४.२, म्हणजे जास्तच. "डायबिटीस नाही, पण शरीर इन्सुलिनचं ऐकत नाहीये. चाला, चार किलो उतरवा," म्हणाले. बाहेर ही गर्दी, पुढचं विचारायचं राहूनच गेलं.

मग मेहुणा मदतीला धावला. त्याचं म्हणणं, साखर पिठाने वाढते, तुपाने नाही. भाकरी, भात, उसळी बंद. सकाळी तूप घातलेली कॉफी, दुपारी पनीर, रात्री अंडी. चौथ्या दिवसापासून पोट साफ होईना. आज तीन आठवडे इसबगोलवर ढकलतोय. ग्लुकोमीटरवर सकाळची साखर ९८ दिसते म्हणून मेहुणा खूश. बायको म्हणते, तेल-तूपच बंद करा. रविवारी मिसळ खायला गेलो, तर हिने वाटीतली तर्री चमच्याने काढली आणि त्याने पाव उचलला. मला उरली मटकी, तीही त्याच्या मते चालत नाही!

फॅटमुळे आतड्यातले बॅक्टेरिया बदलतात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, असं वाचलं. यात खरं किती?

प्रतिसाद १
आहारशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. वाचलंत ते बहुधा २००७ चं बेल्जियम-फ्रान्समधलं काम असावं. उंदरांना चार आठवडे ७२ टक्के ऊर्जा फॅटमधून दिली, तेव्हा काही बॅक्टेरियांच्या आवरणाचे तुकडे रक्तात दोन ते तीन पट वाढले. त्याने अंगात बारीक सूज धुमसत राहते आणि यकृत-स्नायूंपर्यंत इन्सुलिनचा निरोप नीट पोहोचत नाही. पण त्या खाद्यात पिष्टमय पदार्थ जवळपास शून्य होते. म्हणजे साधारण तुमच्या मेहुण्याचाच मेनू!

भाकरी-उसळीतला चोथा (फायबर) मिळाला की मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया त्यापासून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. उंदरांत असं दिसलंय की चोथा बंद झाला तर काही बॅक्टेरिया अस्तरावरचा बुळबुळीत थरच खायला लागतात. तुम्ही तूप वाढवलंत आणि चोथा काढलात, दोन्ही एकदम. मला दुसरं जास्त खटकतं.

फॅटही सगळं सारखं नसतं. २००१ च्या एका प्रयोगात १६२ निरोगी माणसांना तीन महिने ठरावीक आहार दिला. लोणी वगैरेंतल्या संपृक्त फॅटवर इन्सुलिनचा परिणाम घटला, ऑलिव्ह तेलासारख्या फॅटवर घटला नाही. मात्र एकूण फॅट ३७ टक्क्यांच्या वर गेलेल्यांत हा फरक दिसला नाही. शेंगदाणा तेलातही ऑलिव्हसारखी फॅट बरीच असते, तेव्हा ते चालेल, पण बेताने. तेल पूर्ण बंद करायचं कारण नाही, वहिनींना सांगा.

मिसळीत तुमच्या वाट्याला आलेली मटकी, तीच धरून ठेवा. आठवडाभर अर्धी वाटी, मग वाढवा, नाहीतर गॅसने हैराण व्हाल. आणि ग्लुकोज पिऊन करायची तपासणी करणार असाल तर आधी तीन दिवस नेहमीचं जेवण घ्या. भाकरी-भात सोडलेल्या माणसाची साखर त्यात खोटी जास्त दिसू शकते.

प्रतिसाद २
पेठ-सुरगाण्याकडची नागली (नाचणी) आणा, भाकरी करा. आणि चाला हो, त्यावर कोणीच बोलत नाहीये.

धागाकर्ता
ताई, आभार. "अर्धी वाटी, मग वाढवा" म्हणालात ते आधी वाचायला हवं होतं, काल दोन वाट्या उसळ खाऊन बसलो. रात्रभर पोटात बँड वाजत होता. उद्यापासून अर्धी वाटी. तीन महिन्यांनी इन्सुलिन परत करून आकडा इथेच टाकतो. कॉफीतल्या तुपाचं मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.